राजकन्येचं पाणी आणि अर्जुनरावांचा बगळ्या

राजकन्या हसली की अर्ध्या कुरणवाडीला कळतं. तोंडाला पदर लावून खुदकन हसणं तिला कधी जमलंच नाही. हसू दाबायला गेली की आधी खांदे हलायला लागतात, मग डोळ्यांतून पाणी येतं, आणि शेवटी ते हसू दाबून ठेवल्याचं व्याज वसूल करत बाहेर पडतं. लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींना शिंक आली, तेव्हा ती अशीच हसली होती. सासरच्या मंडळींनी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

तिचं माहेर धर्माबादजवळचं. वडील मिरचीच्या बाजारात तोलारी, म्हणजे दिवसभर पोती काट्यावर चढवायची आणि उतरवायची. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजाराच्या दिवशी दोन्हींची खिचडी. हंगामात वडील घरी आले की त्यांचा पांढरा सदरा लालभडक झालेला असायचा. आई तो पुन्हा पुन्हा धुवायची आणि बादलीतलं पाणी पुन्हा पुन्हा लालच निघायचं. पाण्यात गेलेला रंग परत बाहेर का काढता येत नाही, असं राजकन्येनं लहानपणी आईला विचारलं होतं. आईनं बादली तिच्या हातात दिली आणि ओतून ये म्हणून सांगितलं. पुढे नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली, चांगल्या मार्कांनी झाली, पण त्या बादलीचं उत्तर काही तिला तिथे मिळालं नाही.

लग्न होऊन ती कुरणवाडीला आली. लातूर-नांदेड रस्त्याच्या आत माळावर वसलेलं हे गाव. नवरा लखन रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. स्वभावाने गरीब, बायको हसली की हा पण हसायचा. सासू पंचफुलाबाई तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्याची. आणि सासरे अर्जुनराव. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या सगळ्या गोष्टीचं घोडं त्यांच्यापाशीच अडलं होतं.

अर्जुनरावांचं जगात दोघांवर प्रेम. एक त्यांचा देवणी बैल, बगळ्या, आणि दुसरी पंचफुलाबाई. हा क्रम पंचफुलाबाईंनीच लावलेला आहे. बगळ्या नखशिखांत पांढरा. काळा म्हणून जो काही होता तो डोळ्यांच्या कडांना आणि शेपटीच्या गोंड्याच्या टोकाला. अर्जुनराव त्याला उन्हात बांधत नसत, चिखलात नेत नसत, आणि कुणी नुसतं बघून ‘वा’ म्हटलं तरी संध्याकाळी मीठमोहरी ओवाळून टाकत. त्याचा जोडीदार लाल्या बिचारा लाल कंधारी. त्याला कामाला तेवढं पुढे धरायचे.

गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी चामडं रंगवायचा एक छोटा कारखाना होता. कमावलेलं चामडं बाहेरून यायचं, इथे मोठ्या लाकडी पिंपांत रंगाच्या पाण्यात फिरायचं आणि मग त्याचे पट्टे, पर्स, चपलांचे अंगठे व्हायचे. गावातल्या बायकांना तिथे शिवणाचं काम मिळायचं, त्यामुळे कारखाना हवासाही होता. पण चामड्याने पिऊन उरलेला रंग ओढ्यात जायचा. कधी ओढा चॉकलेटी, कधी काळा, कधी मेंदीच्या रंगाचा. लोक कुरकुरायचे, पण पुढाकार कोण घेणार? कारखाना तेव्हा आजच्या मालकाच्या, मृत्युंजयच्या, चुलत्याकडे होता आणि चुलत्याचं म्हणणं असं, की पाऊस पडला की सगळं वाहून जातं.

राजकन्येचा सासरचा पहिलाच पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांना धुवायचं, त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं रीतसर आमंत्रण द्यायचं. अर्जुनराव जोडी घेऊन ओढ्यात उतरले. वरून पाणी जरा गढूळ दिसत होतं, पण श्रावणात ओढा गढूळ असतोच. त्यांनी बगळ्याला डोहात पोटापर्यंत उभा केला, चोळचोळ चोळला, पाठीवर बादल्या ओतल्या, आणि बाहेर काढला तर बैल निळा.

असातसा नाही, शाळेच्या दौतीतला निळा. त्या आठवड्यात कारखान्यात निळ्या पर्सचं काम निघालं होतं. लाल्याचं काय झालं ते त्याच्या लाल अंगावर कुणाला कळलंच नाही. पण बगळ्या पोटापासून पाठीपर्यंत निळा होऊन, मान वर करून, गावच्या मधल्या रस्त्याने ऐटीत चालत आला. कुणीतरी ओरडलं, “अर्जुनरावाचा बगळ्या मोर झाला रे!” सगळं गाव हसलं. पण गावाचं हसू एकीकडे आणि दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या नव्या सुनेचं हसू एकीकडे. ताट हललं, निरांजन विझलं, सुपारी घरंगळत बगळ्याच्या पायाशी गेली, आणि राजकन्या उंबऱ्यावरच खाली बसली.

अर्जुनरावांनी बगळ्याला सरळ गोठ्यात नेऊन बांधला. त्या दिवसापासून ते सुनेशी बोलायचे बंद झाले. आता घर म्हटलं की काही ना काही सांगावं लागतंच. मग ते बगळ्याला सांगायचे.

“बगळ्या, सांग तिला, चहात साखर ऱ्हायली.”

राजकन्याही काही कमी नव्हती. ती गोठ्याकडे तोंड करून म्हणायची, “बगळ्या, मालकाला सांग, डॉक्टरनं साखर बंद केली हाय.”

“घरात चांगली धडधाकट माणसं,” पंचफुलाबाई कपाळावर हात मारायच्या, “आन् बोलून राहिला बैल!”

बगळ्याचा निळा रंग अंगावरचे केस गळून नवे येईस्तोवर गेला नाही. तोवर अर्जुनरावांनी गाव गोळा करून कारखान्याच्या पाइपाला लाकडी बूच मारलं, वरून सिमेंट थापलं. वरच्या ऑफिसातून नोटीस आली. पिंपं थांबली, बायकांची शिवणं थांबली. चुलत्याने हात वर केले आणि कारखाना मृत्युंजयच्या गळ्यात पडला. हा पोरगा तिशीतला, गोरामोरा होणारा, पण सरळ. त्याने गावात येऊन सांगितलं, की रंग गाळून काढायचं यंत्र बसवतो, त्याशिवाय पिंप फिरवणार नाही. यंत्र आलं. ते बसवणारा इंजिनियर पुण्याचा. तो म्हणाला, हे रोज सांभाळायला रसायनं कळणारं माणूस इथलंच हवं, मी काही पुण्याहून रोज येणार नाही.

ते काम मी करते, असं राजकन्येने संध्याकाळी भाकरी थापता थापता लखनला सांगितलं. लखन म्हणाला, “जा की.” मग त्याने हळूच गोठ्याकडे बघितलं.

घरात अर्थातच वादळ झालं. अर्जुनराव बगळ्याच्या गळ्यात हात टाकून मोठमोठ्याने बोलत होते. “बगळ्या, ज्यांनी तुला रंगवलं त्यांच्याच दारात हिला जायाचंय! जाऊ दे. पर त्या पाण्याचं नाव या घरात काढायचं न्हाई, म्हणावं.”

“बरं,” राजकन्या बगळ्याला म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन ती कामावर गेली.

ते यंत्र दिसायला काही फार मोठं नव्हतं. लोखंडी चौकटीवर आडव्या बसवलेल्या जाड पांढऱ्या नळ्या, खाली पंप, वर दाबाचा काटा आणि गाळलेलं पाणी दिसावं म्हणून एक काचेची नळी. पांढऱ्या नळ्यांच्या पोटात पातळ पडद्याच्या घट्ट गुंडाळ्या. मेंब्रेन म्हणतात त्याला. कारखान्याचं पाणी आधी तुरटीने बसवायचं, मग वाळूतून काढायचं, आणि शेवटी पंपाच्या दाबाने त्या पडद्यावर लोटायचं. पाणी पलीकडे जातं, रंग अलीकडे राहतो. राहिलेला दाट रंग दुसऱ्या तोटीने निघतो आणि मागच्या उथळ टाक्यांत उन्हाने वाळतो.

“म्हंजे चक्का टांगल्यागत,” पंचफुलाबाईंनी स्वयंपाकघरात हळूच विचारलं. त्यांना राहवत नव्हतं.

“हाव आत्या, तसंच. फक्त नुसतं टांगून गळत न्हाई, दाबावं लागतं. आन् फडकं इतकं बारीक, की दूध ओतलं तर खालून निसतं पाणी यील.”

“मंग दुधाचं काय?”

“ते वरच ऱ्हातं.”

पंचफुलाबाईंना ते यंत्र त्या दिवसापासून आवडलं.

पहिल्यांदा पंप सुरू केला तेव्हा आत जाणारं पाणी गडद चॉकलेटी होतं. काटा वर चढला. काचेची नळी थोडा वेळ रिकामी, मग बुडबुडे, आणि मग पाणी. राजकन्येला आधी वाटलं नळी अजून रिकामीच आहे, इतकं ते नितळ. तिने पेला भरला, दाराशी उजेडात नेला, पेल्यातून पलीकडची बाभूळ बघितली, बाभळीच्या पिवळ्या फुलांसकट दिसली. धर्माबादची बादली तिला आठवली आणि ती हसली. शिवणखोलीतल्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या. त्या आनंदाला दुसरं काही नाव नाही. लहानपणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हातात धरून ती उभी होती, आणि ते गार लागत होतं.

रोज असं सरळ चालत नसे. पडद्यांवर रंगाची साय धरायची, काटा चढायचा, पाणी मंदावायचं. मग थांबून, उलटं पाणी सोडून, लिंबाच्या सत्वाने पडदे धुवायचे. ते ती मन लावून करायची. पण तिला एक खटकत होतं. पाणी डोळ्यांना नितळ दिसतं हे खरं, पण कुरणवाडीला नितळ दिसून भागणार नव्हतं. चामडं रंगतं तसाच अंगावरचा केसही रंगतो. जो रंग चामड्याला धरतो तो केसालाही धरतोच, म्हणून तर बगळ्या निळा झाला. तेव्हा खरी परीक्षा केसाची.

मग ती रोज संध्याकाळी बगळ्याला खरारा करायला लागली. “रा, रा,” म्हणजे ये ये, असं तेलुगूत चुचकारायची आणि बगळ्या मान तिच्याकडे वळवायचा. अर्जुनराव ओट्यावरून तिरक्या डोळ्याने बघायचे. सुनेला बैलाचा लळा लागला, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आतून आवडलंही. पण तोंडाने ते म्हणायचे, “बगळ्या, आपुन मराठी बैल हाव. तेलुगूला ओ द्यायची न्हाई.” खराऱ्यात निघालेले पांढरे केस राजकन्या पुडीत बांधून कामावर न्यायची, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

उन्हाळा सरला, पावसाळा लागला, पोळा तोंडावर आला. ग्रामसभेत मृत्युंजय हात जोडून उभा राहिला. पिंपांत तो गाळलेलंच पाणी पुन्हा वापरत होता, पण थोडं तरी पाणी बाहेर सोडल्याशिवाय कारखाना पूर्ण चालणार नव्हता, आणि अर्ध्या कारखान्यावर सगळ्या बायकांना काम देणं जमणार नव्हतं. सरपंच तारामती ठाम बाई. ती म्हणाली, “ओढ्याकाठी बैल धुवायचा हौद हाय. त्यात तुमचं पाणी भरा. खांदेमळणीला बैल त्यात धुऊ. जसा गेला तसा निघाला, तर बूच काढू. न्हाई तर कारखान्याला कुलूप.”

“पर काळ्या बैलावर काय कळायचं?” मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांच्या माना अर्जुनरावांकडे वळल्या.

“बगळ्या जाणार न्हाई,” अर्जुनराव उठले आणि चालू लागले.

म्हणजे आता सगळं एका बैलावर येऊन ठेपलं. बगळ्या पाण्यात उतरला तर कारखाना, बायकांची शिवणं आणि राजकन्येचं यंत्र. नाही उतरला तर यंत्र पुण्याला परत आणि राजकन्या चुलीपाशी. तिने घरी कुणाला काही म्हटलं नाही. त्या घरात त्या पाण्याचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि सासूशी हळूच बोलणं सोडलं तर तिने ते कसोशीने पाळलं होतं. पण त्या आठवड्यात ती हसली नाही, आणि घर कसं सुनंसुनं झालं. लखनने दोनदा विचारलं, बरं नाही का. अर्जुनरावांनीही एकदा बगळ्याला विचारलं.

खांदेमळणीच्या दिवशी सकाळी हौद काठोकाठ भरला. तळाची फरशी, फरशीवरच्या भेगा, सगळं दिसत होतं. राजकन्या पंपाचं बघायला हौदाच्या वरच्या अंगाला असलेल्या यंत्राच्या शेडमध्ये गेली आणि इथेच घात झाला.

पंचफुलाबाईंनी मनाशी एक ठरवलं होतं. नव्या विहिरीला पाणी लागलं की ओटी भरायची, हळदीकुंकू वाहायचं, ही गावाची रीत. हे तर सुनेनं काढलेलं पाणी. त्याची पूजा नको? त्यांनी गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. माहूरच्या रेणुकादेवीचं कुंकू त्यांनी पेटीत जपून ठेवलं होतं, ते काढलं. आज सुनेला यश दे, म्हणून त्यांनी अख्खी पुडी हौदात वाहिली. मग सरपंच मागे राहील का? तिने वाहिलं. शिवणाच्या बायकांची भाकरी या पाण्यावर, त्यांनी तर मुठी भरभरून हळद आणि कुंकू वाहिलं. नारळ फुटला, आरती झाली. आणि सगळ्या जणी हात जोडून डोळे उघडतात तो हौद लालेलाल.

तेवढ्यात वरून घुंगरं वाजली. गावचे बैल येत होते, आणि सगळ्यांच्या पुढे बगळ्याला घेऊन अर्जुनराव, मागून लाल्याला घेऊन लखन. फक्त बघायला चाललोय, असं अर्जुनराव बगळ्याला सांगून निघाले होते. हौदापाशी येऊन त्यांनी पाण्यात बघितलं, बगळ्याकडे बघितलं, आणि दावं आखडून घेतलं.

“बघ बगळ्या,” ते म्हणाले. “औंदा लाल करायचा बेत होता.”

“अवो, ते म्या केलंय!” पंचफुलाबाई रडकुंडीला आल्या. “देवीचं कुंकू हाय ते!”

“तू सुनेचं झाकणारच,” अर्जुनराव बैलाला सोडून बायकोला म्हणाले. “एवढा हौद लाल व्हईस्तोवर कुंकू कोण वाहतं गं?”

हा प्रश्न तसा बिनतोड होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मृत्युंजयने डोक्याला हात लावला. राजकन्या शेडमधून धावत आली. तिने लाल हौद बघितला, हळदीने माखलेली सासूची बोटं बघितली, रिकामी पुडी बघितली. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि ती आपल्याच माणसांनी प्रेमाने मूठमूठ रंगवली! आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ती हौदाच्या काठावर बसली आणि अशी हसली की बैलांनी कान टवकारले.

“पुन्हा हसली,” कुणीतरी पुटपुटलं.

“हसू नको तर काय करू?” डोळे पुसत ती उभी राहिली. “कुणीच जायाचं न्हाई. पाणी कारखान्याचं लाल का कुंकवाचं लाल, भांडायचं कामून? हाय तेच लाल पाणी गाळते. तुमच्या डोळ्यांम्होरं. आत्या, तुमचं जुनं लुगडं द्या.”

देवीचं कुंकू यंत्रात घालायचं तिच्या मनाला पटेना. आधी लुगड्याची चौपदरी घडी करून बायकांनी हौदातलं पाणी त्यातून यंत्राच्या टाकीत गाळलं. कुंकवाचा गाळ लुगड्यावर बसला, तो पंचफुलाबाईंनी कपाळाला लावून कडुलिंबाच्या बुडाशी ठेवला. पण टाकीतलं पाणी अजूनही गुलाबीच.

“कापडानं रंग जातोय व्हय, बगळ्या?” अर्जुनराव म्हणाले.

“कापडानं न्हाईच जात,” राजकन्या बगळ्याला म्हणाली. “म्हणून तर हे यंत्र.” आणि तिने पंप सुरू केला.

गाव शेडच्या दारात दाटलं. काटा चढला. काचेची नळी भरली, आणि पुढच्याने मागच्याला, मागच्याने त्याच्या मागच्याला सांगत सांगत बातमी बाभळीखालच्या बैलांपर्यंत गेली. पाणी नितळ येतंय! तारामतीने ओंजळ धरून बघितलं. पण मध्येच काटा भराभरा चढला आणि धार करंगळीएवढी झाली. हळदकुंकवाची बारीक पूड पडद्यांवर बसली होती. राजकन्येने पंप थांबवला. “धुवावं लागंल. दम धरा.”

दम धरायचा म्हणजे काय करायचं, तर चहा प्यायचा. लोक पांगले. अर्जुनराव मात्र शेडमध्ये रेंगाळले. यंत्राकडे बघायचं नाही असं ठरवल्यामुळे ते सगळीकडे बघत होते, आणि त्यांची नजर खिडकीतल्या काचेच्या बरण्यांवर गेली. एकीत चॉकलेटी पाणी, तिच्यात काळपट केसांची एक बट. शेजारी नितळ पाण्याच्या बरण्यांची रांग, आणि त्या प्रत्येकीत पांढरेशुभ्र केस. एकीत गोंड्याचा टोकाकडचा झुपका होता, वर पांढरा, टोकाला काळा.

अर्जुनरावांनी ती बरणी उचलली. जगात आणखी कुणी तो झुपका ओळखला नसता.

“हे बगळ्याचं हाय,” ते म्हणाले. शेडमध्ये बगळ्या नव्हता.

राजकन्या नळ्यांपाशी उकिडवी बसलेली, हात ओले. “हाव. खराऱ्यात निघालेले. रोजच्या पाण्यात थोडे बुडवून ठेवते. रंग धरतो का बघते.” तिने ओले हात पदराला पुसले. “केसाला धरला न्हाई, तरच म्हणलं बैलाला धरणार न्हाई. त्याला परत रंग लागला असता तर मीच बूच मारलं असतं, मामा.”

अर्जुनरावांनी बरणी उजेडाला धरून बघितली. मग त्यांनी ती जागेवर ठेवली, सरळ केली, आणि बाहेर गेले. रोज संध्याकाळचा तो खरारा त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावा. राजकन्येने पडदे धुतले आणि पंप पुन्हा चालू केला. धार पुन्हा मनगटाएवढी झाली.

उन्हं कलायच्या आत धुतलेला हौद पुन्हा भरला. तळाची फरशी दिसायला लागली. बायकांनी ताटं पदराखाली लपवली होती, की पुन्हा कुणाला वाहायचा मोह व्हायला नको.

अर्जुनराव बगळ्याला घेऊन उतारावर आले. टोपी काढून त्यांनी ती लखनच्या हातात दिली आणि स्वतः आधी पाण्यात उतरले. धोतर भिजलं. त्यांनी धोतराकडे बघितलं, पांढरं ते पांढरंच. मग दावं ओढलं. पण बगळ्या जागचा हलेना. जनावराच्या ध्यानात असतं सगळं. “चल माझ्या राजा,” अर्जुनराव म्हणाले. बगळ्याने पाय रोवले. “हो, हो, चल की.” बगळ्या ढिम्म. सगळं गाव बघत होतं. अर्जुनरावांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

“रा... रा...”

बगळ्या शहाण्यासारखा पाण्यात उतरला.

मग जे हसू फुटलं ते माळावर लांबवर गेलं असेल. या वेळी राजकन्या त्यात नव्हती. ती तोंडाला दोन्ही हात लावून पाण्याकडे बघत होती. अर्जुनरावांनी बगळ्याला चोळला, पाठीवर पाणी ओतलं, शेपटीचा गोंडा पिळला. मग बाहेर काढून बाभळीच्या सावलीतून उन्हात आणला. बगळ्या पांढरा होता. ओला, निथळता, आणि इतका पांढरा की मृत्युंजय लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. सरपंचाने तिथल्या तिथे दोन गड्यांना पाइपाकडे पिटाळलं, आणि ते बूच फोडायचा घणाचा आवाज वरून यायला लागला. मागचे बैल धबाधबा हौदात शिरले.

मग खांदेमळणी तिथेच झाली. पंचफुलाबाईंनी हळद-लोण्याची वाटी दिली. अर्जुनरावांनी लाल्याच्या खांद्याला लोणी चोळलं, मग बगळ्याच्या, जिथे जुवाने घट्टे पडलेत तिथे जास्त. कानाशी वाकून दोघांना आमंत्रण दिलं. “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” वाटीत थोडं लोणी उरलं. ते घेऊन ते शेडकडे निघाले आणि यंत्राच्या पांढऱ्या नळीवर बोटं टेकवणार, तोच राजकन्या ओरडली, “मामा, तिथं लोणी नको! पडदे बुजतील!”

अर्जुनरावांचा हात हवेतच थांबला. त्यांनी वाटीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. मग परत हौदापाशी येऊन वाटी पंचफुलाबाईंच्या हातात दिली.

“हिच्या खांद्याला लाव,” ते म्हणाले. “वर्सभर हिनंच वढलंय.”

पंचफुलाबाईंनी सुनेच्या खांद्यावर हळद-लोण्याचं बोट ओढलं. अर्जुनराव पाठमोरे होऊन बगळ्याची पाठ पुसत होते. पुसता पुसता थांबले, वळले, आणि लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्यापासून ज्या सुनेशी ते बोलले होते फक्त बैलाच्या तोंडून, तिच्याकडे सरळ बघून म्हणाले,

“राजकन्या, आज आवतण घे बाई. उद्या जेवायला ये.”

राजकन्येला हसू आवरेना, रडू आवरेना, खांदे तर कधीचेच हलायला लागले होते.

“येते, मामा,” ती म्हणाली. “पुरण मात्र मलाच शिजवावं लागंल.”